घरच्या टेबलावर वस्तूंचे फोटो: दोन दिवे लावूनही चित्र सपाट का येतं?

रेघोटी

नमस्कार. मी घरातल्या जुन्या वस्तूंचे फोटो काढते. बहुतेक वेळा एकच वस्तू, फार तर दोन-तीन एकत्र मांडून. सध्या टेबलावर तीन आहेत: तांब्याची किटली, शाईची काचेची दौत आणि हाताने घडवलेला मातीचा वाडगा. त्या वाडग्याच्या अंगावर घडवणाऱ्याच्या बोटांचे वळसे अजून जसेच्या तसे आहेत. फोटो पाहणाऱ्याला त्यावरून बोट फिरवावंसं वाटलं पाहिजे, एवढीच माझी इच्छा आहे आणि नेमकं तेच होत नाहीये.

मांडणी सांगते. खोली लहान, भिंती फिकट हिरव्या. टेबल भिंतीला टेकवलेलं आहे. करड्या रंगाचा मोठा कागद भिंतीवर चिकटवून तोच खाली वळवून टेबलावर आणला आहे, म्हणजे मागे कोपऱ्याची रेघ दिसत नाही. वस्तूच्या डाव्या-उजव्या बाजूला हातभर अंतरावर एकेक टेबल लॅम्प. एकात पिवळसर बल्ब आहे, दुसऱ्यात पांढरा. वरची ट्यूब चालू ठेवते, कारण ती बंद केली की मागचा कागद काळवंडतो. खिडकी माझ्या पाठीशी येते, तिचा पडदा अर्धा उघडा असतो. कॅमेरा साधा डीएसएलआर, ५० मिमीची लेन्स, ट्रायपॉड आहे. मोड बहुतेक वेळा ऑटो किंवा अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी (छिद्र मी ठरवते, बाकी कॅमेरा).

आता फोटोत काय दिसतं ते. वाडगा चपटा दिसतो, वळसे जवळजवळ नाहीसे होतात. प्रत्येक वस्तूला दोन सावल्या पडतात आणि त्या एकमेकींना छेदतात. किटलीवर दोन पांढरेफटक ठिपके, मधे कॅमेरा आणि मी. दौत मागच्या कागदात विरघळल्यासारखी होते, तिच्या कडाच सापडत नाहीत. रंगाचं तर असं की एकाच वाडग्याची डावी बाजू पिवळी आणि उजवी निळसर.

तिसरा दिवा घ्यावा का? की सॉफ्टबॉक्स, म्हणजे दिव्यावर लावायची उजेड मऊ करणारी कापडी पेटी? की घरात आहे त्यातच भागेल? बटर पेपर, थर्माकोलचे तुकडे, काळं कार्डशीट, कपड्यांचे चिमटे, आरसा एवढं हाताशी आहे.

कवडसा

तिसरा दिवा घेऊ नका. आहेत त्या दोनातलाही एक बंद करा.

माझं काम वस्तूंचे नोंदीसाठी फोटो काढण्याचं आहे. भांडी, नाणी, कोरीव लाकूड, मधूनच काच. वस्तू रोज वेगळी असते, मुख्य दिवा मात्र बहुतेक वेळा एकच. तुमचा वाडगा न पाहताही त्याचं काय होतंय ते कळतं. वळसा डोळ्यांना कळतो तो त्याच्या एका बाजूला उजेड आणि दुसऱ्या बाजूला सावली असते म्हणून. तुमचा डावा दिवा जी सावली पाडतो ती उजवा पुसतो, उरलेली ट्यूब पुसते. वाडग्यावर उजेड भरपूर आहे, पण त्याचा आकार सांगणारं काही शिल्लक राहिलेलं नाही.

सगळ्यात आधी खोली अंधारी करा. ट्यूब बंद, खिडकीवर जाड पडदा, दोन्ही लॅम्प बंद. कॅमेऱ्याच्या जागी डोळे येतील असं बसा आणि टॉर्च वाडग्याभोवती सावकाश फिरवा, मोबाइलचा चालेल. हात पुरत नसेल तर घरातल्या कुणाला तरी धरायला सांगा, पण तुम्ही जागा सोडू नका. टॉर्च कॅमेऱ्याजवळ असेल तेव्हा वाडगा एखाद्या चकतीसारखा दिसेल. तो बाजूला नेत नेत वाडग्याच्या किंचित मागच्या अंगाला गेला की वळसे एकदम वर उठून येतील. आता टॉर्च थोडा खाली आणा, थोडा वर न्या. पृष्ठभागाला घासून जाणारा उजेड प्रत्येक खाचखळगा दाखवतो. जिथे तुम्हाला बोट फिरवावंसं वाटेल ती दिव्याची जागा. ही जागा पुस्तकातल्या कोनांवरून ठरवता येत नाही, कारण प्रत्येक वस्तूचा पृष्ठभाग वेगळा असतो. अजूनही नवी वस्तू समोर आली की मी आधी टॉर्चच हातात घेतो.

जागा सापडली की दिव्याच्या आकाराकडे वळा. सावलीची कड मऊ की धारदार हे दिवा किती मोठा आहे यावर नाही, वस्तूच्या जागेवरून तो किती मोठा दिसतो यावर ठरतं. सूर्य अवाढव्य आहे, पण जवळजवळ १५ कोटी किलोमीटर लांब असल्यामुळे आकाशात चिमुकला दिसतो आणि उन्हाची सावली धारदार पडते. ढग भरून आले की सगळं आकाशच दिवा होतं, आणि सावल्या विरून जातात. तुम्हाला टेबलावर या दोहोंच्या मधलं काहीतरी हवं आहे.

खोक्याच्या पुठ्ठ्यातून साधारण ६० बाय ४० सेंमीची चौकट कापा, तिच्यावर बटर पेपर ताणून चिकटवा. ही चौकट वाडग्याच्या अगदी जवळ, फोटोत जेमतेम येणार नाही इतक्या अंतरावर उभी करा. चिमटे याच कामाला येतील. लॅम्प तिच्या मागे ठेवा. लॅम्प कागदाला चिकटवला तर कागदाच्या मध्यावर एक झगझगीत गोळा उमटतो, आणि वाडग्याच्या लेखी तुमचा दिवा तेवढाच. मग कागद कितीही मोठा असला तरी उपयोग नाही. लॅम्प मागे ओढत गेलात की सगळा कागद उजळतो आणि सावली मऊ होते. किती मऊ हवी ते पोत ठरवतो. मातीच्या वाडग्याला अतिमऊ उजेड मानवत नाही, वळसे पुन्हा झोपतात. त्याच्यासाठी लॅम्प कागदाच्या थोडा जवळ आणा. जमल्यास कागदाशिवाय एक फोटो काढून दोन्ही शेजारी ठेवून बघा.

एक सावधगिरी. एलईडी बल्ब असेल तर कागद जवळ असलेला चालतो. जुना तारेचा बल्ब किंवा हॅलोजन खूप तापतो, त्याच्याजवळ कागद, थर्माकोल किंवा कापड अजिबात नको.

मागचा कागद काळवंडतो म्हणून तुम्ही ट्यूब लावता, पण तो हवा तितकाच गडद ठेवणं तुमच्या हातात आहे. दिव्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, तिप्पट झालं की नववा हिस्सा. समजा दिव्यापासून वाडगा ३० सेंमीवर आहे आणि मागचा कागद ९० सेंमीवर. मग कागदावर वाडग्याच्या नवव्या हिश्श्याएवढाच उजेड पोचतो, म्हणजे तीन स्टॉपहून थोडा जास्त फरक (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). करडा कागद जवळजवळ काळा दिसेल. वाडगा आणि कागद यांच्यातलं ६० सेंमीचं अंतर तसंच ठेवून दिवा २ मीटर मागे नेला तर दोघांमधला फरक एका स्टॉपपेक्षाही कमी होतो आणि कागद करडाच राहतो. बटर पेपरच्या मोठ्या चौकटीला हा हिशेब तंतोतंत लागू होत नाही, उजेड थोडा सावकाश घटतो, पण कल तोच. म्हणून टेबल भिंतीपासून पुढे ओढा. मागचा कागद आणि वस्तू यांच्यात अंतर आलं की वस्तूची सावलीही त्याच्यावर चढत नाही. आणि तो गडद झाला तर बिघडलं कुठे? मातीच्या रंगाला गडद करडा छान उचलून धरतो.

सावलीची बाजू फार काळी वाटली तर दिव्याच्या समोरच्या अंगाला थर्माकोलचा तुकडा उभा करा. पण तो ठेवण्याआधी त्याच जागी काळं कार्डशीट उभं करून बघा. तुमच्या खोलीच्या फिकट भिंती सगळीकडून थोडा थोडा उजेड परत फेकत असतात. काळं कार्ड तो पिऊन टाकतं आणि सावली गहिरी होते. घरच्या स्टुडिओत सगळे जण पांढरे पुठ्ठे जमवतात. मी म्हणेन, काळे आधी जमवा. उजेड वाढवणं सोपं आहे, नको तिथून तो काढणं हेच खरं काम.

आता कॅमेरा. ऑटो आणि अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी दोन्ही सोडा, मॅन्युअलवर या. काळं कार्ड ठेवलंत की ऑटोवरचा कॅमेरा 'दृश्य अंधारलं' असं समजून एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घेतला जाणारा उजेड, वाढवतो. तुम्ही केलेला बदल तो तिथल्या तिथे झाकून टाकतो, आणि कार्डाने काहीच फरक पडला नाही असं वाटतं. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, लेन्सचं छिद्र एफ/८ किंवा एफ/११ (आकडा मोठा तितकं छिद्र लहान), शटर, म्हणजे उजेड आत येण्याचा वेळ, जो येईल तो. अर्धा सेकंद येवो की २ सेकंद, वस्तू हलणार नाही आणि ट्रायपॉड आहे. बटण दाबताना धक्का बसू नये म्हणून २ सेकंदांचा टायमर लावा. सगळं स्पष्ट यावं म्हणून एफ/२२पर्यंत जाऊ नका. इतक्या लहान छिद्रातून जाताना विवर्तनामुळे, म्हणजे उजेड कडांपाशी पसरल्यामुळे, सगळंच चित्र थोडं मवाळ होतं.

आधी फक्त वाडगा घ्या. किटली आणि दौत यांचं तंत्र वेगळं आहे, तिन्ही एकदम धराल तर काय कशामुळे झालं ते कळणार नाही.

अभ्रक

कवडसा यांनी प्रकाशाचं सांगितलं, मी रंगाचं सांगते. मला स्वतःला रंगाची फार काळजी असते, कारण मी कापडाचे फोटो काढते आणि तिथे एक छटा बदलली तरी कापड वेगळंच वाटतं.

पिवळसर बल्ब साधारण २७०० ते ३००० केल्व्हिनचा असतो (हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळा), पांढरा ६५०० च्या आसपास, आणि खिडकीचा उजेड दिवसभर बदलत राहतो. कॅमेऱ्यात व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं यासाठीचा रंगाचा तोल, एकच लावता येतो. त्यामुळे एक बाजू बरोबर आली की दुसरी चुकणारच, नंतर संगणकावर बसूनही ते नीट सुटत नाही. एका फोटोत एकाच जातीचा उजेड, हा नियम पाळा. लॅम्प लावायचा तर खिडकी पूर्ण बंद. खिडकी वापरायची तर सगळे दिवे बंद.

खिडकीचा विचार मात्र जरूर करा. थेट ऊन न येणारी खिडकी म्हणजे आयता मोठा मऊ दिवा. ती पाठीशी ठेवू नका, टेबल फिरवून तिला बाजूला घ्या.

बल्ब घ्यायची वेळ आली तर खोक्यावर सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचं माप) ९५ किंवा त्याहून जास्त लिहिलेला बघा. हा आकडा आठ फिक्या रंगांच्या सरासरीवरून काढतात आणि गडद लाल त्यात धरलेलाच नसतो. त्याचा आकडा आर९ या नावाने वेगळा देतात. तांबं आणि भाजलेली माती दोन्हींत लालसर छटा आहे, म्हणून आर९ दिलेला असेल तर तोही पाहून घ्या. कमी प्रतीच्या एलईडीखाली तांबं मळकट तपकिरी दिसतं आणि आपण विनाकारण भांडं घासत बसतो.

तुमच्या हिरव्या भिंतीही फोटोत येत असणार, रंगाच्या रूपाने. त्यांच्यावर आपटून परत येणारा उजेड हिरवट असतो आणि सावलीच्या भागात तो हमखास जाणवतो. जवळच्या भिंतीवर काळी किंवा पांढरी चादर टाका.

व्हाइट बॅलन्ससाठी करडं कार्ड वस्तूच्या जागी ठेवून पहिला फोटो त्याचा काढा. छपाईचा पांढरा कागद त्यासाठी वापरू नका. तो जास्त पांढरा दिसावा म्हणून त्यात चमक आणणारी द्रव्यं घातलेली असतात. खिडकीच्या उजेडातल्या अतिनील किरणांनी ती निळसर चमकतात, आणि त्यावरून बॅलन्स लावला की बाकी चित्र पिवळट होतं. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली कच्ची फाइल, ठेवाल तर हे सगळं नंतर शांतपणे करता येईल.

चौकट

मी चित्रं काढतो, फोटो क्वचित. पण स्थिरचित्राच्या उजेडाचा प्रश्न आमचाही तोच आहे, म्हणून लिहितो.

सतराव्या शतकातल्या डच चित्रकारांची स्थिरचित्रं मोठी करून पाहा. पीटर क्लासच्या काचेच्या पेल्यांवर एक लहानशी उजळ चौकट रंगवलेली असते. ती खिडकी आहे, तिच्या तावदानांसकट. उजेड कुठून येतोय, किती मोठा आहे, हे तो पेलाच सांगतो. १६२८च्या सुमारासचं त्याचं एक चित्र आहे, त्यात टेबलावरच्या काचेच्या गोळ्यात चित्रकार स्वतः चित्र रंगवताना दिसतो. रेघोटी, तुमच्या किटलीत तुम्ही दिसता ते त्याच कारणाने. त्याने ते प्रतिबिंब ठरवून ठेवलं, तुम्हाला नको असेल तर ठरवून काढावं लागेल.

आणि जुजबी सामानाची खंत बाळगू नका. अमेरिकन छायाचित्रकार एडवर्ड वेस्टनने १९३० मध्ये ढोबळ्या मिरचीचा जो प्रसिद्ध फोटो काढला, त्यात ती मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवलेली आहे. नरसाळ्याच्या आतल्या वक्र भिंतीवरून उजेड मिरचीवर परत पडतो आणि तिची प्रत्येक वळकटी उजळत जाते. पार्श्वभूमी आणि रिफ्लेक्टर दोन्ही कामं एका नरसाळ्याने केली. चेक छायाचित्रकार योसेफ सुदेकने प्रागमधल्या आपल्या स्टुडिओच्या खिडकीपाशी वर्षानुवर्षं फोटो काढले, कधी कट्ट्यावर नुसता पाण्याचा पेला ठेवून. दिवा म्हणजे तीच खिडकी, बाहेर जसा उजेड असेल तसा.

एक सवय लावून घ्या. मांडणी झाली की डोळे बारीक करून बघा. बारकावे गळून फक्त काळ्या-पांढऱ्या आकारांचे डाग उरतात. ते डाग जुळले असतील तर फोटो उभा राहतो. मला तुमच्या मांडणीत किटली पुढे आणि वाडगा मागे असा घोळ दिसतो आहे, म्हणजे तसा अंदाज आहे. चकचकीत वस्तू पुढे असली की नजर तिथेच अडकते.

रेघोटी

सगळ्यांचे मनापासून आभार. टॉर्चचा प्रयोग केला आणि खरंच थक्क झाले. वाडग्याच्या डाव्या-मागच्या बाजूने, टेबलाच्या जवळजवळ पातळीला टॉर्च आणला तेव्हा वळसे तर दिसलेच, पण काठाखाली एक अंगठ्याचा ठसा आहे तोही दिसला. इतकी वर्षं तो वाडगा घरात आहे, हा ठसा कुणीच पाहिलेला नव्हता.

एकच लॅम्प, चौकटीवर बटर पेपर, उजवीकडे काळं कार्ड, मॅन्युअल मोड, आयएसओ १००, एफ/११, शटर १ सेकंद. थर्माकोल ठेवून पाहिला आणि काढून टाकला, काळ्या कार्डाचा फोटो कितीतरी सरस आहे. हिरवा रंगही गेला. टेबल पुढे ओढल्यावर मागचा कागद गडद कोळशासारखा झाला आहे आणि मला तो तसाच आवडतोय.

चौकट, तुमचा अंदाज बरोबर होता, किटली पुढेच होती.

आता किटली आणि दौत. त्याच मांडणीत किटली ठेवली तर तिच्यावर बटर पेपरची चौकट स्पष्ट चौकोनी उमटते, मधोमध जास्त पांढरी. बाकी अंग जवळजवळ काळं. कॅमेराही दिसतोच. दौतीच्या कडा अजूनही हरवतात. एकीकडे पोलरायझर फिल्टर (लेन्सपुढे लावायची, चकाकी कमी करणारी काच) घ्या असं वाचलं, तो घेतला तर हे दोन्ही सुटेल का?

कवडसा

अंगठ्याचा ठसा सापडला हे वाचून फार बरं वाटलं. त्या ठशाचा एक वेगळा फोटो जवळून काढून ठेवा.

पोलरायझरचं आधी सांगतो. काच, वार्निश, पाणी, चिनीमातीवरची झिलई यांच्यावरची चकाकी तो ठरावीक कोनातून कमी करतो. काचेच्या बाबतीत उजेड पृष्ठभागावरच्या लंबाशी साधारण ५६ अंशांनी येतो तेव्हा परिणाम सगळ्यात जास्त. उघड्या धातूवरचं प्रतिबिंब मात्र अशा रीतीने ध्रुवित होत नाही, त्यामुळे किटलीवर नुसता फिल्टर फिरवून काही हाती लागणार नाही. आणि दौतीची अडचण चकाकीची नाहीच, कडांची आहे.

किटलीसाठी दिवा क्षणभर विसरा आणि तिला काय काय दिसतंय ते बघा. फुगीर आणि चकचकीत असल्यामुळे तिच्यात जवळजवळ सगळी खोली मावते. जिथे पांढरं दिसतं तिथे ती उजळ, जिथे काळं दिसतं तिथे काळी. तुमच्या किटलीसमोर एकच पांढरी चौकट आहे आणि बाकी अंधार, म्हणून ती तशी दिसते. बटर पेपर मोठा घ्या, जमला तर किटलीभोवती कमानीसारखा वळवून घ्या, म्हणजे त्याची सरळ कड तिच्या अंगावर येणार नाही. आणि लॅम्प कागदाच्या मध्यावर न ठेवता एका टोकाकडे ठेवा. तिथे कागद लख्ख, दुसऱ्या टोकाकडे हळूहळू मंद. हाच उतार किटलीच्या अंगावर उमटतो आणि तांबं गोल दिसायला लागतं. वाडग्याच्या वेळी मी कागदावरचा झगझगीत गोळा टाळायला सांगितला होता, इथे तोच एका कडेला नेऊन कामाला लावायचा आहे. लॅम्प बोटभर सरकवा आणि किटलीकडे बघत राहा. धातूच्या फोटोत सगळा वेळ इथेच जातो आणि जावा, चांगला फोटो याच बोटभर अंतरात असतो.

कड हरवत असेल तिथे काळ्या कार्डाची दोन-तीन बोटं रुंद पट्टी किटलीच्या बाजूला, फोटोच्या बाहेर उभी करा. तिचं प्रतिबिंब कडेला बारीक काळी रेघ होऊन येतं. फार रुंद झाली तर पट्टी मागे सरकवा.

कॅमेरा दिसतो त्यावर उपाय: खोली अंधारी, तुमचे कपडे काळे, आणि मोठ्या काळ्या कार्डाला लेन्सपुरतं भोक पाडून ते कॅमेऱ्यापुढे लावणं. जास्त फोकल लेंग्थची (लांबचं जवळ आणणारी) लेन्स असेल तर लांबून काढा, प्रतिबिंबातला कॅमेरा अगदी लहान होतो. उरलेला ठिपका तोटीच्या किंवा कडीच्या आड जाईल अशी किटली वळवा. ठेवताना सुती हातमोजे वापरा. तांब्यावर बोटांचे ठसे लगेच उमटतात आणि घासून जाणाऱ्या उजेडात ते ओरडून दिसतात.

आता काच. काचेवर समोरून पडलेला उजेड बहुतेक आरपार निघून जातो, म्हणून तिचा आकार तिच्या मागे काय आहे त्यावर दाखवावा लागतो. दोन रीती आहेत. पहिली: दौतीच्या मागे थोडं अंतर सोडून बटर पेपरची चौकट उभी करा, लॅम्प तिच्या मागून. समोरून काहीही नाही. दौत उजळ पांढऱ्यावर दिसेल. मग तिच्या दोन्ही बाजूंना काळी कार्डं फोटोच्या अगदी सीमेवर आणून ठेवा. काचेच्या कडा आजूबाजूचं वाकवून दाखवतात, त्यामुळे ही काळी कार्डं कडांमध्ये शिरतात आणि दौतीला शाईने काढल्यासारखी काळी रेघ येते. मागचा उजळ भाग फोटोच्या चौकटीहून फार मोठा ठेवू नका, नाहीतर तो कडांमध्ये शिरून रेघ पुसतो.

दुसरी रीत याच्या उलट, आणि तुमच्या गडद कागदाशी जुळणारी. उजळ बटर पेपर तसाच ठेवा आणि त्याच्या पुढे काळं कार्ड लावा, फोटोच्या चौकटीपेक्षा जेमतेम मोठं. आता दौतीच्या मागे काळं आहे, पण कार्डाच्या चारही बाजूंनी उजेड पुढे येतो. तो कडांमध्ये शिरतो आणि दौत काळ्यावर उजळ रेघांनी उभी राहते. कार्ड थोडं पुढे-मागे केलं की रेघांची जाडी बदलते. मला ही रीत जास्त प्रिय आहे. धूळ मात्र कमालीची दिसते, त्यामुळे दौत आधी धुऊन, धागे न सोडणाऱ्या कापडाने पुसून घ्या.

दौतीत रंगीत शाई किंवा पाणी भरणार असाल तर पांढऱ्या कागदाचा दौतीच्याच आकाराचा, पण जरा लहान तुकडा कापून तिच्या मागे असा लपवा की कॅमेऱ्याला दिसणार नाही. त्याच्यावर पडलेला उजेड द्रवातून परत येतो आणि रंग आतून पेटतो.

तिन्ही वस्तू एका फोटोत हव्या असतील तर एकाच दिव्यात तिघींचं समाधान होणार नाही. कॅमेरा आणि वस्तू जागच्या न हलवता प्रत्येकीसाठी वेगळी उजेडाची मांडणी करून वेगळा फोटो घ्या आणि नंतर थर जुळवा. किंवा तिघांपैकी एकीला मुख्य माना आणि बाकी दोघींना अंधारात थोडं जाऊ द्या. तुमच्या जागी मी वाडग्याला मुख्य धरलं असतं.

मंदप्रकाश

हे सगळं मोबाइलवर जमेल का? माझ्याकडे कॅमेरा नाही. आणि एलईडी लॅम्पखाली माझ्या फोटोंवर आडवे पट्टे येतात, ते कशामुळे?

अभ्रक

मोबाइलवर जमतं. उजेडाची मांडणी तीच, त्यात काही बदलत नाही. बहुतेक फोनमध्ये पडद्यावर बोट दाबून धरलं की फोकस आणि एक्स्पोजर तिथेच बांधले जातात. प्रो मोड असेल तर व्हाइट बॅलन्सही आकड्याने ठरवा. नाहीतर कवडसा यांनी म्हटलं तसं काळं कार्ड ठेवलं की फोन गुपचूप उजेड वाढवणार. रात्रीचा मोड आणि आपोआप होणारं एचडीआर (वेगवेगळ्या उजेडाचे फोटो एकत्र जोडणं) बंद करता येत असेल तर करा, कारण तुम्ही मेहनतीने आणलेली सावली दोन्ही उजळून टाकतात. वाइड लेन्सने अगदी जवळून काढू नका, पुढची कड फुगते. दुप्पट झूमची वेगळी लेन्स असेल तर ती लावून मागे सरका. फोन पुस्तकांच्या चळतीला टेकवून स्थिर करा आणि टायमर वापरा.

पट्टे दिव्याच्या लुकलुकण्यामुळे येतात. मुख्य वीज ५० हर्ट्झची असेल तर साधा दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. शटर १/५०, १/२५ किंवा त्याहून संथ ठेवला की हे चढउतार आत मिसळून जातात. ६० हर्ट्झ असेल तर १/६० किंवा १/३०. मंद करता येणारा लॅम्प असेल तर तो पूर्ण प्रखरतेवर ठेवा, कारण असे बरेच लॅम्प वेगाने चालू-बंद होऊनच मंद होतात. उजेड कमी करायचा तर लॅम्प लांब न्या किंवा बटर पेपरचा आणखी एक थर लावा.

रेघोटी

दौतीची दुसरी रीत करून पाहिली. काळं कार्ड फोटोच्या चौकटीहून बोटभर मोठं ठेवलं तेव्हा कडा आल्या, तळहातभर मोठं ठेवलं तेव्हा पुन्हा गेल्या. आता वाडगा पुढे, दौत मागे आणि किटली अर्धी सावलीत अशी मांडणी केली आहे. किटलीसाठी बटर पेपरची कमान अजून नीट उभी राहत नाही, वरून दुमडते. त्याला आधार कशाचा द्यावा?

कवडसा

पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या अर्धवर्तुळात कापा, एक वर आणि एक खाली, आणि कागदाची वरची-खालची कड त्यांच्यावर चिकटवा. बटर पेपरऐवजी जाड ट्रेसिंग पेपर मिळाला तर तो घ्या, तो स्वतःच्या ताकदीवर उभा राहतो आणि त्याला सुरकुत्याही कमी पडतात. सुरकुती असली की ती तांब्यात दिसते. वरची पट्टी किटलीच्या वर येऊ देऊ नका, नाहीतर झाकणावर तिची काळी रेघ उमटेल.

फोटो झाला की मूळ आकारात टाका, कडीजवळचा भाग मोठा करून बघायचा आहे.